विद्यापीठाच्या गावाचे जुने फोटो: ओळखायचे कसे, तारीख कशी लावायची, जपायचे कसे

विद्यापीठाच्या गावाचे जुने फोटो एका जागी कधीच सापडत नाहीत. कुलसचिवांच्या कार्यालयात दीक्षान्त समारंभांचे गठ्ठे असतात. बांधकाम विभागाकडे अर्धवट उभ्या इमारतींचे फोटो असतात. वसतिगृहांच्या भिंतींवर ओळीने बसवलेल्या बॅचा टांगलेल्या दिसतात, आणि गावातल्या जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर काचेच्या निगेटिव्हचे खोके. शिवाय माजी विद्यार्थ्यांचे अल्बम, जुनी पोस्टकार्डे, वर्तमानपत्रांची कात्रणे, नगरपालिकेच्या फायली. यांत बांधकाम विभागाकडे आधी जा. तिथले फोटो दिसायला रूक्ष, पण बहुतेकांवर तारीख असते. पुढे गावातल्या बाकीच्या फोटोंची तारीख लावताना तेच हाताशी येतात.

कामाचा क्रम ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. फोटो शंभर वर्षे टिकतो, त्याच्याविषयीची माहिती मात्र त्याच्या फार आधी जाते. लिफाफा फेकला, अल्बम सुटा केला, गठ्ठ्याचा क्रम विस्कटला की चित्र शाबूत राहते आणि ते कुठले, कधीचे, कोणाचे हे सांगणारे काहीच उरत नाही. म्हणून आधी माहिती वाचवायची, मग चित्र.

डबा उघडण्याआधी आणि उघडल्यावर

डबा जसा आला तसाच, झाकणासकट, त्यावरच्या चिठ्ठीसकट, मोबाइलने टिपून घ्या. मग उघडून आतली मांडणी टिपा. कोणाकडून आला, कधी आला, देणाऱ्याने तोंडी काय सांगितले, हे त्याच दिवशी वहीत उतरवा. त्यानंतर प्रत्येक नगाला सापडला त्या क्रमाने अनुक्रमांक द्या. विषयवार लावायचा मोह इथेच होतो आणि इथेच नुकसान होते. दोन दीक्षान्त फोटोंच्या मधे सापडलेला अनोळखी इमारतीचा फोटो बहुधा त्याच दिवसाचा असतो. तो ‘इमारती’च्या गठ्ठ्यात गेला की हा धागा तुटतो. विषयवार याद्या नंतर संगणकात हव्या तेवढ्या करता येतात.

कागदी प्रती स्वच्छ, कोरड्या हातांनी कडेला धरून हाताळता येतात. निगेटिव्ह आणि काचांना नायट्राइलचे हातमोजे वापरा. सुती मोज्यातून काच निसटते, आणि काचेची निगेटिव्ह फुटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. टेबलावर पाणी, चहा, शाईचे पेन ठेवू नका. क्रमांक मऊ पेन्सिलीने (२बी चालते) मागच्या बाजूला कोपऱ्यात, फोटो कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवून हलक्या हाताने लिहा. १९७० नंतरच्या प्लास्टिकच्या थराच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे क्रमांक फक्त लिफाफ्यावर, आणि तोही फोटो आत घालण्याआधी लिहायचा. आत फोटो असताना लिहिले तर अक्षरांचे वळ इमल्शनवर, म्हणजे चित्र धरणाऱ्या थरावर, उठतात.

काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो ओढू नका. ओल आल्यामुळे जिलेटिन काचेला चिकटलेले असते आणि ओढले की चित्रच काचेवर राहते. काचेतूनच त्याची प्रत घ्या. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो सहज निघत नसेल तर अख्खे पान स्कॅन करा. काळ्या पानांचा, कोपऱ्यांत अडकवलेल्या फोटोंचा अल्बम कधीच सुटा करू नका.

मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची. स्टुडिओचा शिक्का, कागद बनवणाऱ्याचे छापील नाव, संपादकाच्या खुणा, चिकटवलेला मथळा, सगळे टिपून घ्या. वर्तमानपत्राच्या फोटोमागचा तारखेचा शिक्का बहुतेक वेळा फोटो छापल्याचा किंवा संग्रहात आल्याचा असतो. काढल्याचा दिवस त्याआधी आठवडाभराचा असेल, दहा वर्षांचाही असेल. छापण्यासाठी पांढऱ्या रंगाने पार्श्वभूमी पुसून टाकलेले फोटोही अशा गठ्ठ्यांत हमखास निघतात. तो रंग खरवडू नका, तोही त्या फोटोच्या इतिहासाचाच भाग आहे.

हातात आहे ते नेमके काय

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि तिरक्या उजेडात पाहा. पहिला प्रश्न हा, की हा खरा फोटो आहे की छपाई? भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र, म्हणजे मूळ फोटो अजून कुठेतरी असू शकतो. अळ्यांसारखी बारीक नागमोडी जाळी दिसली तर ती कोलोटाइप छपाई. जुनी चांगली पोस्टकार्डे पुष्कळदा अशीच असतात.

खरा फोटो असेल तर पुढचा तपास असा. आरशासारखा चकाकणारा, एका कोनातून चित्र आणि दुसऱ्या कोनातून निगेटिव्ह दाखवणारा धातूचा पत्रा म्हणजे डॅगेरोटाइप. ही पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि पुढची वीसेक वर्षे चालली. लोखंडी पत्र्यावरचे, लोहचुंबक चिकटणारे चित्र म्हणजे टिनटाइप, १८५६ नंतरचे. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, उजळ भाग पिवळसर, सावल्या तपकिरी-जांभळट आणि भिंगाखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात, तर ती अल्ब्युमिन प्रत. अंड्याच्या पांढऱ्यावर तयार होणारी ही पद्धत १८५० मध्ये आली आणि १८९० च्या दशकापर्यंत तिचेच राज्य होते. पुठ्ठ्याचे मापही बोलते. साधारण ६४ × १०० मिलिमीटरचा पुठ्ठा कार्त द व्हिझितचा (भेटकार्डाएवढा छोटा फोटो), १०८ × १६५ मिलिमीटरचा कॅबिनेट कार्डाचा. कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास प्रचारात आले.

कागदाचे तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि गडद भागांच्या कडेला चंदेरी-निळसर चकाकी आली आहे, तर ती जिलेटिन सिल्व्हर प्रत. १८८० च्या दशकात ती सुरू झाली आणि विसाव्या शतकातले बहुतेक काळे-पांढरे फोटो याच जातीचे. ती चकाकी म्हणजे वर आलेली चांदी. ती पुसायची नसते, स्कॅन करताना टाळायची असते. निळे-पांढरे चित्र सायनोटाइप. हर्शेलने ही पद्धत १८४२ मध्ये शोधली, आणि वास्तुविशारदांच्या कागदपत्रांत ती हमखास भेटते. सायनोटाइपला अल्कधर्मी लिफाफा चालत नाही, निळा रंग उडतो. साधा उदासीन लिफाफा वापरा. रंगीत पारदर्शिका कोडाक्रोमच्या असतील तर त्या १९३५ नंतरच्या. त्यांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर अनेकदा धुलाईचा महिना-वर्ष असतो. धुलाई फोटो काढल्यावर महिन्या-दोन महिन्यांनीही झालेली असू शकते.

पद्धत ओळखली म्हणजे तारीख लागली असे नाही, फक्त खालची मर्यादा कळते. १८७० च्या काचेवरून १९२० मध्ये नवी प्रत काढता येते. म्हणून नोंदीत ‘चित्र कधीचे’ आणि ‘ही प्रत कधीची’ असे दोन रकाने ठेवा.

निगेटिव्हच्या बाबतीत एक धोका आधीच पाहून घ्यावा लागतो. १८८९ पासून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवते, त्यामुळे पाण्याने विझत नाही आणि विषारी धूर सोडते. फिल्मच्या कडेवर ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असा इंग्रजी शब्द छापलेला असतो, तो शोधा. शब्द नसेल, फिल्म पिवळी, चिकट, उग्र वासाची किंवा तपकिरी भुकटी पडलेली असेल तर ती वेगळ्या, थंड, हवेशीर जागी, हवाबंद न करता ठेवा आणि अभिलेखागारातल्या जाणकाराला बोलवा. तुकडा जाळून पाहण्याची ‘चाचणी’ कोणी सुचवली तर करू नका. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती अॅसिटेट फिल्म. तिला आगीचे तेवढे भय नाही, पण ती आक्रसते, चुण्या पडतात आणि तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. आम्ल मोजणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. त्या निळ्यावरून हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. हिरवी झाली की त्या डब्याचे स्कॅनिंग सगळ्यांच्या आधी.

तारीख: इमारतींची साक्ष

बाकी कुठल्या गावात नसते अशी एक सोय विद्यापीठाच्या गावात असते. इथे इमारती सतत वाढतात आणि त्यांच्या नोंदी राहतात. वार्षिक अहवाल, कार्यकारी मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त, अंदाजपत्रके, नकाशे, विद्यार्थ्यांची वार्षिके. यांतून आधी इमारतींचे कोष्टक तयार करा. प्रत्येक इमारतीसाठी पायाभरणी, छत पडले ते वर्ष, वापर सुरू, वाढीव मजला किंवा बाजू, छपरातले बदल, आग, रंगकाम, पाडकाम. याच कोष्टकात रस्ते, फाटके, पुतळे, दिव्यांचे खांब, कारंजे, ट्रामचे रूळ हेही येऊ द्या. पुढचे सगळे काम या कोष्टकावर चालते, म्हणून त्याला हवा तेवढा वेळ द्या.

मग फोटोत शोधायच्या दोन गोष्टी: दिसते आहे त्यांतले सर्वांत उशिरा आलेले काय, आणि दिसायला हवे होते पण नाही त्यांतले सर्वांत आधी आलेले काय. समजा, ग्रंथालयाची पश्चिमेची बाजू उभी आहे आणि ती १९२६ मध्ये वापरात आली. रसायनशास्त्राच्या इमारतीवर अजून कौले आहेत, तिथे १९३१ मध्ये गच्ची झाली. म्हणजे फोटो १९२६ ते १९३१ मधला. ‘सुमारे १९२८’ असे लिहू नका. १९२६–१९३१ असेच लिहा, आणि शेजारी दोन्ही कारणे लिहा. नंतर कोणी कौलांची तारीख १९२९ अशी दुरुस्त केली, तर कारण लिहिलेले असल्यामुळे तुमची नोंदही आपोआप सुधारता येते. नुसत्या ‘सुमारे’वर पुढे काहीच उभे राहत नाही.

इथे चुका कुठे होतात? कोनशिलेवरचे वर्ष बहुधा पायाभरणीचे किंवा देणगीचे असते, इमारत दोन-तीन वर्षांनी पुरी होते. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नव्हती’ असे नाही, ती झाडामागे किंवा चौकटीबाहेर असू शकते. नकाशावर कॅमेऱ्याची जागा आणि दिशा आखून ती खरोखर दिसायला हवी होती का, हे तपासा. वास्तुविशारदाने काढलेले रंगीत कल्पनाचित्र फोटो म्हणून पोस्टकार्डावर छापले गेल्याची उदाहरणे भरपूर आहेत. कधीच न बांधलेला मनोरा असा गावाच्या इतिहासात शिरतो. पोस्टकार्डावरचे रंग हाताने भरलेले असतात, तारा आणि खांब खोडलेले असतात, ढग नंतर घातलेले असतात, त्यामुळे विटांच्या रंगावरून काही ठरवू नका. टपालाचा शिक्का फक्त इतकेच सांगतो, की फोटो त्याआधीचा. एकच चित्र वीस वीस वर्षे छापले जाई. मागची बाजू मजकूर आणि पत्ता अशी विभागलेली असेल तर कार्ड ब्रिटनमध्ये १९०२ नंतरचे आणि अमेरिकेत १९०७ नंतरचे.

सर्वांत नेमकी तारीख देतो तो परांचीचा फोटो. भिंत अर्धी आहे, बांबू लागले आहेत, तर बांधकामाच्या मापन-वहीवरून महिना काढता येतो. त्या खालोखाल मोठे करून वाचलेले कागद: सूचनाफलकावरचे पत्रक, प्रयोगशाळेतली दिनदर्शिका, नाटकाची जाहिरात, दुकानाची पाटी. दुकानांच्या नावांसाठी गावाच्या जुन्या व्यवसायसूची आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळा. विद्यार्थ्यांच्या हातातल्या फलकावरचे वर्ष मात्र जपून घ्या. काही ठिकाणी ते प्रवेशाचे वर्ष असते, काही ठिकाणी पदवीचे, म्हणजे तीन-चार वर्षांचा फरक सहज पडतो. त्या संस्थेची रीत वार्षिकांवरून पक्की करून मगच वापरा. कपड्यांवरून तारीख लावणे सर्वांत कच्चे, आणि प्राध्यापकांच्या बाबतीत तर अगदीच. पंधरा वर्षांपूर्वीचा कोट घालून शिकवायला येणे ही जगभरची रीत दिसते.

सावलीवरून महिना

वर्षांची कक्षा बसली की सावलीवरून महिना काढता येतो. ऊन स्पष्ट पडलेले हवे आणि जमीन सपाट हवी. उंची माहीत असलेली उभी वस्तू निवडा: फाटकाचा खांब, दिव्याचा खांब. सावलीचे टोक फोटोत कुठे पडले आहे ते फरसबंदी, पायरी, भिंतीचा कोपरा यांच्या आधाराने नकाशावर शोधा. फोटोवर पट्टी ठेवून मोजू नका, दूरची लांबी फोटोत आखूड दिसते. खांब ४ मीटर आणि सावलीही ४ मीटर भरली तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर होता. ४ मीटरच्या खांबाची सावली ६.९ मीटर भरली तर ३० अंशांवर. सावलीची दिशा नकाशावर अंशांत मोजा, तिच्या बरोबर उलट दिशेला सूर्य. उंची आणि दिशा हे दोन आकडे त्या गावाच्या अक्षांश-रेखांशासह सूर्याची जागा काढणाऱ्या गणकात घाला.

उत्तर दोन तारखांचे येते, कारण अयनदिनाच्या (वर्षातला सर्वांत मोठा किंवा सर्वांत छोटा दिवस) आधी आणि नंतर सूर्य त्याच वाटेने जातो. दोनांतली कुठली ते झाडांची पाने, मैदानावरचे गवत, अंगावरचे कपडे, परीक्षा-सुट्टीचे वेळापत्रक सांगते. मोजमापातल्या चुकीमुळे एक-दोन आठवड्यांचा फरक धरून चाला, आणि अयनदिनाच्या जवळ त्याहून जास्त, कारण त्या दिवसांत सूर्याची वाट फारशी सरकत नाही. घड्याळाचा मनोरा दिसत असेल तर त्याची वेळ पडताळ्याला घ्या. मात्र प्रमाणवेळ येण्याआधी घड्याळे स्थानिक वेळेवर चालत. आणि मनोऱ्यावरचे घड्याळ बंद पडलेलेही असू शकते, हे विसरू नका.

कॅमेरा कुठे उभा होता

नोंद कशी असावी याचा नमुना फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीलाच सापडतो. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी १८४४ मध्ये ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यासोबतच्या टिपणात त्यांनी सांगितले की दृश्य हाय स्ट्रीटच्या पलीकडच्या बाजूने उत्तरेकडे पाहून घेतले आहे आणि वेळ सकाळची आहे, आणि दगड ऊन-पावसाने झिजला आहे हेही नोंदवले. जागा, दिशा, वेळ आणि इमारतीची अवस्था, सगळे आले. आज पुष्कळ संग्रहांत ‘कॉलेजची इमारत, जुनी’ एवढेच लिहिलेले असते.

जागा शोधण्याआधी चित्र उलटे नाही ना ते पाहा. डॅगेरोटाइप आणि टिनटाइप मुळातच आरशातल्यासारखे उलटे असतात. काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅन झाली तरी तेच होते. इमल्शनची बाजू, म्हणजे कमी चकाकणारी, आपल्यापासून पलीकडे धरली की चित्र सरळ दिसते. पाटी किंवा घड्याळ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पुरुषांचे कोट पाहा. घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते आणि रुमालाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो.

जागा शोधताना एक नियम पक्का धरा: जवळच्या आणि दूरच्या वस्तूंची एकमेकांशी मांडणी फक्त उभे राहण्याच्या जागेवर ठरते, झूमवर नाही. म्हणून आधी जागा, मग झूम. फोटोत एक जोडी निवडा, उदाहरणार्थ जवळच्या फाटकाची कड आणि दूरच्या घुमटाचे टोक. ती दोन्ही एका रेषेत असतील तर नकाशावर त्या दोन बिंदूंतून रेषा काढा. कॅमेरा या रेषेवर कुठेतरी होता. दुसरी अशीच जोडी घेऊन दुसरी रेषा काढा. दोन्ही जिथे छेदतात ती जागा. प्रत्यक्ष तिथे गेल्यावर जुन्या फोटोत फाटक आणि घुमट यांच्यात जेवढे अंतर दिसते तेवढेच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. उंचीसाठी क्षितिजरेषा पाहा. ती उभ्या माणसांच्या डोळ्यांतून जात असेल तर कॅमेराही डोळ्यांच्याच उंचीवर होता. सगळ्यांच्या डोक्यांवरून जात असेल तर तो गच्चीवर किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीत होता.

जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंग वर सरकवता येई, त्यामुळे उंच मनोरेही सरळ उभे दिसतात. आज मोबाइल वर कलवला की भिंती आत झुकतात आणि दोन फोटो जुळत नाहीत. कॅमेरा समपातळीत ठेवा, रुंद कोनात घ्या आणि खालचा अनावश्यक भाग नंतर छाटा. महिना आणि वेळ आधीच्या पद्धतीने काढली असेल तर त्याच सुमारास जा, सावल्याही जुळतील.

स्कॅनिंग

कागदी प्रतींसाठी साधा सपाट स्कॅनर पुरतो. १० × १५ सेंटिमीटरची प्रत ६०० पीपीआयला (दर इंचाला इतके पिक्सेल) सुमारे २३६० × ३५४० पिक्सेल देते, तेवढे पुरे. छोट्या कार्त द व्हिझितला १२००. मोठ्या समूहफोटोंना ६०० द्याच, कारण तिथे प्रत्येक चेहरा काही मिलिमीटरचाच असतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला ४००० पीपीआय, म्हणजे साधारण ५६७० × ३७८० पिक्सेल. त्याहून वर गेल्यास चित्राऐवजी चांदीचे कण मोठे होतात. ४ × ५ इंची निगेटिव्हला १६०० घेतले तर १६ बिट करड्या छटांत फाइल सुमारे १०० एमबीची होते, हे जागेच्या हिशेबात धरा.

काळे-पांढरे फोटोही रंगीतमध्येच स्कॅन करा. तपकिरी झाक, शाईचा शेरा, ओलीचा डाग ही सगळी माहितीच असते. मूळ फाइल टिफ या प्रकारात, कुठलीही सुधारणा न करता. पुठ्ठ्याच्या चारही कडा आणि त्यांच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर रिकामी जागा येऊ द्या, आणि मागची बाजू वेगळी स्कॅन करा. स्कॅनरमधले आपोआप धार देणे, रंग सुधारणे, धूळ काढणे, तिन्ही बंद. अवरक्त किरणांनी धूळ काढण्याची सोय काळ्या-पांढऱ्या चांदीच्या फिल्मवर तर वापरूच नका. चांदी अवरक्त किरण अडवते, यंत्राला अख्खे चित्रच धूळ वाटते आणि बारीक तपशील फस्त होतात. कोडाक्रोमवरही ती गडबड करते. उजळ भाग फटफटीत पांढरे होऊ देऊ नका, कागदाचा पांढरा (० काळा, २५५ पांढरा या मापावर) २४० ते २४५ च्या आसपास बसवा.

फुगलेले पुठ्ठे, काचा आणि चंदेरी चकाकी आलेल्या प्रती कॅमेऱ्याने टिपलेल्या बऱ्या. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, जवळून टिपणारे मॅक्रो भिंग, त्याचे छिद्र एफ ८ वर. चकाकी जात नसेल तर दिव्यांवर ध्रुवीकरण करणारे पडदे आणि भिंगावर त्यांच्याशी काटकोनात फिरवलेला फिल्टर. आधी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन चार कोपरे आणि मध्य यांचा उजेड सारखा आहे का ते पाहा. दर बैठकीत एकदा रंगपट्टी चौकटीत ठेवा.

गुंडाळलेले लांबच लांब समूहफोटो ही विद्यापीठाची खास चीज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला सर्कटसारखा कॅमेरा फिरत फिरत अख्खी बॅच टिपत असे. सरळ रांग वाकडी दिसू नये म्हणून मुलांना कमानीत उभे करत, आणि कॅमेरा फिरत असताना मागून धावत जाणारा पोरगा दोन्ही टोकांना उमटे. म्हणून एकच चेहरा दोनदा दिसला तर जुळे भाऊ शोधत बसू नका. अशी गुंडाळी कोरडी उलगडली की आडव्या भेगा पडतात. झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात तळाशी ओले टीपकागद, त्यावर जाळीची घडवंची, तिच्यावर गुंडाळी. पाणी फोटोला लागता कामा नये. काही तासांनी पाहत राहा, रात्रभरात बहुधा सैल होते. मग चित्राच्या बाजूला न चिकटणारा सिलिकॉनचा कागद ठेवून कोरड्या टीपकागदांत हलक्या वजनाखाली दोन दिवस. आधीच भेगा किंवा बुरशी असेल तर हे करू नका, जतनतज्ज्ञाकडे न्या.

रंग भरणे आणि संगणकाकडून चेहरे स्पष्ट करून घेणे हल्ली एका बटणाचे काम आहे. प्रदर्शनापुरते हवे तर करा, पण वेगळ्या फाइलीत आणि चित्राखाली तसे लिहून. तो ‘स्पष्ट’ झालेला चेहरा यंत्राने रचलेला असतो. त्यावरून माणूस ओळखला तर ओळखच खोटी ठरू शकते.

नावे आणि नोंदी

फाइलच्या नावात वर्णन घालू नका, वर्णन बदलते. संग्रहाची खूण, डबा, नग, बाजू असे चार भाग पुरे, मधे आडवी रेघ. रिकामी जागा नको, रोमन अक्षरे आणि आकडे असले की कुठल्याही संगणकावर चालते. आकड्यांच्या आधी शून्ये लावा, नाहीतर १० हा २ च्या आधी येऊन बसतो. वर्णन तक्त्यात, आणि मथळा, तारीख, हक्क हे फाइलच्या आतल्या आयपीटीसी रकान्यांतही भरा, म्हणजे फाइल संग्रहातून सुटी झाली तरी माहिती तिच्यासोबत जाते.

तक्त्यात मूळ मजकूर आणि तुमचा निष्कर्ष यांची सरमिसळ होऊ देऊ नका. मागे ‘प्राचार्यांचा निरोप, १९१४’ असे लिहिले आहे, तर ते अवतरणात जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. तुम्हाला ते १९१६ वाटते, तर ते शेजारच्या रकान्यात कारणासह. तारखांसाठी आयएसओ ८६०१ ची विस्तारित पद्धत सोयीची: १९२६/१९३१ म्हणजे या दोहोंमधली कक्षा, वर्षापुढे ~ म्हणजे अंदाजे, ? म्हणजे शंका.

समूहफोटोची नावे पाहणाऱ्याच्या डावीकडून, मागच्या रांगेपासून किंवा पुढच्या, पण एकच पद्धत धरा आणि ती लिहून ठेवा. स्कॅनच्या प्रतीवर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक टाका. जाणत्या माणसाला दाखवताना ‘हे अमुकच ना?’ असे विचारू नका, नाव सुचवले की होकार येतो. ‘क्रमांक १४ कोण?’ एवढेच विचारा, आणि कोणी, कधी ओळखले तेही लिहा. छापील यादीतली नावे रांगेतल्या माणसांपेक्षा एकाने कमी-जास्त भरतात. आयत्या वेळी येऊन बसलेला शिपाई किंवा गैरहजर विद्यार्थी यामुळे पुढची सगळी नावे एका घराने सरकतात. दोन्ही टोकांकडून मोजून पाहा.

ठेवायचे कुठे

फोटोंसाठी तपासलेले आम्लमुक्त लिफाफे किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्या, पीव्हीसी मुळीच नको. काचा चार पाळ्यांच्या कागदात एकेक गुंडाळून, लांब कडेवर उभ्या. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. आर्द्रता ३० ते ५० टक्के आणि तापमान स्थिर. माळा आणि तळघर दोन्ही नको. अॅसिटेट निगेटिव्ह आणि रंगीत फिल्म जितकी थंड तितकी बरी. शीतकपाटात ठेवायची तर दुहेरी बंद पिशवीत, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तशीच, नाहीतर दव पडते.

डिजिटल फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. स्कॅन झाल्या झाल्या प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलमधले काहीही बदलले की बदलणारी तिची खूण) काढून यादी ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा. हार्डडिस्क हळूहळू फाइली बिघडवते, ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लोकांसमोर ठेवताना

फोटो ज्याच्या कपाटात सापडला तो त्याच्या हक्काचा मालक असतोच असे नाही. हक्क बहुतेक वेळा छायाचित्रकाराचा, त्याच्या वारसांचा, किंवा पगारावर काढून घेणाऱ्या संस्थेचा. बर्न करारात (लेखक-कलावंतांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) छायाचित्रांना किमान २५ वर्षांचे संरक्षण सांगितले आहे, पण बहुतेक देशांनी छायाचित्रकाराच्या निधनानंतर ५०, ६० किंवा ७० वर्षांपर्यंत ते वाढवले आहे. म्हणून त्या देशाचा कायदा आणि फोटो कोणत्या साली निघाला ते पाहूनच ठरवा. देणाऱ्याकडून फोटो स्वीकारताना दोन ओळी लेखी घ्या: मूळ कायमचे दिले की स्कॅनपुरते, आणि प्रसिद्धीला परवानगी कशा अटींवर. रुग्णालयातले, शिस्तभंगाच्या चौकशीतले, खोलीत नकळत टिपलेले फोटो हक्क सुटले असले तरी सरसकट बाहेर काढू नका.

प्रत्येक चित्राखाली संग्रहक्रमांक द्या. वाचक दुरुस्ती कळवतो तेव्हा ‘तो कारंज्याचा फोटो’ म्हणतो, आणि कारंज्याचे तीस फोटो असतात. आलेली दुरुस्ती थेट मूळ नोंदीवर चढवू नका. ती तारीख आणि कळवणाऱ्याच्या नावासह वेगळ्या रकान्यात घ्या, कोष्टकाशी ताडा, आणि टिकली तरच पुढे सरकवा. जुना निष्कर्ष पुसून टाकू नका, वाचता येईल अशी त्यावर फक्त रेघ ओढा.